२१०० रुपयांचा खताचा डबा आणि आमचा पातेरा

गेल्या मे महिन्यात ऑनलाईन मागवला होता हा घरगुती कंपोस्टचा सेट. २० लिटरचे दोन डबे एकावर एक बसणारे, आत जाळी, खाली नळ, सोबत कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जंतूंची) पावडर आणि कोकोपीटची एक वीट. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण असे सेट बरेच जण विकतात आणि रंग सोडला तर सगळे सारखेच दिसतात. आम्ही मालवणात राहतो, घरात पाच माणसं, मागीलदारी चार माड आणि एक फणस. अख्खा पावसाळा काढून मगच लिहितेय, पहिल्या आठवड्यात लिहिलेले फाईव्ह स्टार रिव्ह्यू वाचूनच तर मी फसले होते.

पार्सल उघडलं तेव्हा आई (सासूबाई) पडवीत नारळ सोलत बसलेल्या. "कचरो ठेवूक डबो इकत घेतलंस?" हे आधी. मग ती वीट हातात घेऊन हुंगली आणि विचारलं, ह्या काय? म्हटलं सोडणाचा (नारळावरच्या काथ्याच्या सालीचा) भुसा आहे आई. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त समोर पडलेल्या सोडणांच्या ढिगाकडे बघितलं. खरं सांगते, लाज वाटली. माडांच्या गावात सोडणाचा भुसा कुरियरने, तोही प्लास्टिकच्या बबलरॅपमध्ये गुंडाळून.

आता डब्याबद्दल. प्लास्टिक जाड आहे, झाकण घट्ट बसतं, मांजर उघडू शकत नाही (आमच्याकडच्या मांजराने प्रामाणिक प्रयत्न केले). माहितीपुस्तिका मात्र बहुतेक पुण्याबिण्याच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिलीय. रोजच्या कचऱ्यावर मूठभर कोकोपीट नि चमचाभर पावडर टाका, ४५ दिवसांत खत तयार. अहो, आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, जुलैत कपडे चार चार दिवस वाळत नाहीत तिथे तो डबा काय सुकणार! आणि कचरा तरी कसला, तर सोलकढीसाठी पिळलेल्या नारळाचा चोथा रोज, कोकमाची सालं, भाताची पेज. तो चोथा तेलकट असतो, एका जागी ओतला की त्याचा गोळा होतो, आत हवा जात नाही, आणि हवा गेली नाही की कुजण्याऐवजी सडतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं तर जो वास आला तो आठवला तरी आत्ता नको वाटतं, वर बोटाच्या पेराएवढ्या करड्या अळ्या वळवळतायत. नवरा म्हणाला दे टाकून. नंतर कळलं त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या, निरुपद्रवी असतात, उलट कचरा भराभर खातात. पण हे त्या पुस्तिकेत दोन ओळी लिहिलं असतं तर मी अर्धा डबा खड्ड्यात उपडा केला नसता.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे आणखी कोकोपीट घ्या, वीट १८० रुपये.

तोडगा निघाला तो मागीलदारी. सुकं कमी पडत होतं एवढंच होतं सगळं. ओल्यातला नायट्रोजन आणि सुक्यातला कार्बन यांचा मेळ बसला पाहिजे, ढोबळ हिशोब एकाला तीस असा सांगतात, पण घरात कोण मोजत बसतंय, मी एक वाटी ओला कचरा तर दोन वाट्या चुरलेला पातेरा (झाडाखालचा सुका पाला) असं सुरू केलं. फणसाचा पातेरा तर उत्तम, जाड असतो, मध्ये हवा राहते. सोडणं कोयत्याने बारीक करून तळाला घालणार होते तर आईंचा विरोध, "सोडणां तुझ्या डब्यात गेली तर न्हाणयेचा पाणी कशार तापवचा?" मुद्दा बरोबर होता. मग तडजोड, सोडणं बंबाला आणि त्यांचा भुसकट चुरा मला. पंधरा दिवसांत वास गेला. पावडर संपली ती परत आणलीच नाही, तिच्या जागी मूठभर जुनं खत नाहीतर शेण, काहीही अडलं नाही.

यंदा आगोटीच्या (पावसाआधीच्या) बेगमीत सुकी मासळी, लाकडं, कोकम यांच्याबरोबर पातेऱ्याच्या तीन गोण्यापण माळ्यावर गेल्या. त्या गोण्या आईंनीच भरल्या, मला न सांगता.

मासळीचं मात्र स्पष्ट लिहिते. पुस्तिकेत "मांसाहारी पदार्थ टाकू नयेत" इतकंच आहे, मग आम्ही खवलं आणि कोलंबीची सालं टाकायची कुठे ते नाही. आमच्याकडे ती माडाच्या आळ्यात खोल पुरतात, आधीपासून, तीच पद्धत ठेवली. आणि फणस फोडलात तर चारखंडं (वरची काटेरी सालं) गुरंवाल्याला द्या, एका फणसात दोन्ही डबे भरतात.

सवयीचं म्हणाल तर डबा पहिले दोन महिने विहिरीजवळ होता आणि पावसात तिथवर जायला कोणीच तयार नव्हतं, सगळा कचरा मोरीच्या कोपऱ्यात साठायचा. उचलून मागच्या दाराशी आडाळ्याच्या (खोबरं खवायच्या विळीच्या) शेजारी आणला आणि भांडणं थांबली. आता खोबरं खवणारा माणूस उठता उठता चोथा टाकतो. चौथीतल्या चिरंजीवांकडे वरून पातेरा टाकायचं काम आहे. वेंगुर्ल्याला नगरपरिषदेने कचरा टाकायच्या जागेचं बघण्यासारखं ठिकाण केलंय, तिथे त्याला नेलं होतं, तेव्हापासून साहेब घरात इन्स्पेक्टर झालेत, नवऱ्याने चहाच्या भुकटीत दुधाची पिशवी टाकली तर बाहेर काढायला लावतो. त्यानेच एकदा डब्याच्या नळातून निघालेलं कचऱ्याचं पाणी तसंच्या तसं तुळशीला घातलं आणि तुळस करपली. दहापट साधं पाणी मिसळून घालायचं असतं. पुस्तिकेत आहे हे, पण मागच्या पानावर, बारीक अक्षरात.

एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, तरी आमच्या घरात पिशव्या जपून ठेवायचे, का तर ओला कचरा बांधून घंटागाडीला द्यायला लागतात. आता गाडीत फक्त सुकं जातं, पिशवी लागतच नाही, म्हणून मासळीबाजारातसुद्धा मी स्टीलचा डबा नेते. कोळीण पहिल्यांदा हसली, आता मीच डबा विसरले तर ओरडते.

तक्रार म्हणजे तो नळ. दुसऱ्या महिन्यापासून ठिबकतोय, वॉशर बदलला तरी ठिबकतोय, शेवटी आईंनी खाली करवंटी ठेवली. आणि पाच माणसांना दोन डबे पुरत नाहीत, ४५ दिवस कुठले, पावसात अडीच महिने धरा. खत मात्र झकास झालं, काळं, भुसभुशीत, मातीसारखा वास, अळवाला घातलं तर पानं सुपाएवढी.

पाचात तीन. फ्लॅटमध्ये राहात असाल, पातेरा मिळत नसेल तर घ्या, वाईट नाही. आम्हाला तिसरा डबा हवा होता तेव्हा रंगकाम करणाऱ्या पोराकडून २० लिटरचा रंगाचा रिकामा डबा मागून घेतला, स्वच्छ धुतला, शेजाऱ्यांच्या ड्रिलने नवऱ्याने भोकं पाडली. त्याला नळ लावलेला नाही.