‘कराची 1971’ हलता देखावा भाड्याने घेताय? आधी हे वाचा

सांगलीतल्या एका देखावा-कारागिराकडे यंदा 1971 च्या नौदल युद्धाचा हलता देखावा भाड्याने मिळतो आहे. तीन प्रसंग आहेत: विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी, 4 डिसेंबरच्या रात्रीचा भारतीय नौदलाचा कराचीवरचा हल्ला आणि पेटलेल्या तेलटाक्या. दहा दिवसांचे 85 हजार, वाहतूक वेगळी, जोडायला दोन माणसे सोबत येतात. 30 फूट रुंद आणि 18 फूट खोल जागा लागते. काम जीव ओतून केलेले आहे आणि पैसे वसूल होतात. पण जसा येतो तसा लावला तर अर्धा फुकट जाईल.

सगळ्यात सुंदर आहे ती पुढची क्षेपणास्त्र बोट. खरी बोट 38.6 मीटर लांब. इथे 1:20 प्रमाणात, म्हणजे 193 सेंटीमीटरची, फायबरमध्ये केली आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी चार लाँचरची खोकी आहेत, ती पुढच्या बाजूला किंचित उचललेली, अगदी हवीत तशी. बऱ्याच देखाव्यांत क्षेपणास्त्र दिवाळीतल्या रॉकेटसारखे सरळ वर जाते. इथे ते खोक्यातून तिरपे निघते आणि मग आडवे जाते. ज्याने केले त्याने अभ्यास केला आहे. मागची पाकिस्तानची ‘खैबर’ विनाशिका मात्र 1:50 ची आहे. हे चुकून झालेले नाही. 1:20 ने ती पावणेसहा मीटरची झाली असती, आणि लहान असल्यामुळेच ती दूर असल्यासारखी वाटते.

हे अंतर दिसणे फार गरजेचे आहे. बोटी थेट बंदरात घुसल्या असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या तीन बोटी बब्रू भान यादव यांच्या नेतृत्वाखाली कराचीच्या दक्षिणेला आल्या, रडारवर लक्ष्य धरले आणि दुरून क्षेपणास्त्रे सोडली. या ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रांचा पल्ला सुमारे 40 किलोमीटर. ‘निर्घात’ने ‘खैबर’वर दोन सोडली. आपल्यावर काय आदळले हेसुद्धा त्या जहाजाला कळले नाही; त्यांनी तळाला विमानांचा हल्ला झाल्याचे कळवले. म्हणून दोन्ही जहाजांच्या मध्ये काळे जाळीचे कापड ताणून लावा. संचात ते नाही, साताठशे रुपयांत होते. मागचा दिवा मंद ठेवला की ‘खैबर’ धुरकट, क्षितिजावर असल्यासारखी दिसते. निवेदनातले ‘शत्रू नजरेस पडताच’ हे वाक्यही बदलून घ्या, तिथे रडार म्हणायला हवे.

आता लाटा. 12 मिमी प्लायच्या पाच रांगा, रांगा वर-खाली हलवणारे तीन इंचाचे क्रँक (फिरते दांडे), आणि ते फिरवायला गाडीच्या वायपरच्या मोटरी. पाच रांगा असल्याने प्रत्येक क्रँक आधीच्यापेक्षा 72 अंश पुढे हवा. टेम्पोत नीट बसावेत म्हणून सगळे एकाच दिशेला कसून पाठवतात, आणि जोडणारी माणसे घाईत तसेच ठेवतात. मग समुद्र न वाटता पाळणा हलल्यासारखे वाटते. उभे राहून क्रँक फिरवून घ्या, तासाभराचे काम आहे. साधे नट दुसऱ्या दिवशी ढिले पडतात, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, न सुटणारे नट) टाका. निळे सॅटिन प्लायच्या कडेवर घासून तिसऱ्या दिवशी फाटते. कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवली की विसर्जनापर्यंत चिंता नाही.

क्षेपणास्त्र दोन मिमी तारेवरून सरकते. तार सैलावली की ते मध्येच ‘समुद्रात’ बुडते, म्हणून एका टोकाला टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू) लावा आणि रोज आरतीआधी ताण बघा. धुराचे मशीन दीड किलोवॅटचे आहे, त्याला वेगळी लाइन द्या. मोटरींच्या लाइनवर जोडले तर ते तापायला लागताच विजेचा दाब पडतो आणि लाटा रखडतात. भाद्रपदात कृष्णाकाठची हवा ओली असते, धूर खाली बसून राहतो. मागून एक टेबलफॅन आडवा सोडला तर टाक्यांकडे नीट सरकतो. पाऊस आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा ईएलसीबीशिवाय (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बटण दाबू नका.

तेलटाक्यांचा प्रसंग दिसायला जोरदार आहे, पण तो 4 डिसेंबरलाच जोडला आहे. तो 8 डिसेंबरच्या रात्रीचा, म्हणजे कराचीवरच्या दुसऱ्या हल्ल्याचा, ‘ऑपरेशन पायथन’चा करा. त्या रात्री समुद्र खवळलेला होता. ‘विनाश’ ही एकच क्षेपणास्त्र बोट ‘तलवार’ आणि ‘त्रिशूल’ या युद्धनौकांच्या सोबतीने गेली आणि तिच्या चार क्षेपणास्त्रांनी कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्या पेटवल्या, बंदराबाहेरच्या जहाजांनाही गाठले. बदल सोपा आहे. बोटीवरचे नाव बदला, मोटरीची पुली एक नंबर लहान लावून लाटा हळू पण उंच दिसतील असा क्रँक चार इंचावर न्या, आणि मध्ये दहा सेकंद अंधार ठेवा. ‘गाझी’चा प्रसंग ठीक आहे. तिच्या बुडण्याच्या कारणावर दोन्ही देशांचे म्हणणे वेगळे आहे, म्हणून निवेदन आपल्या ‘राजपूत’ विनाशिकेच्या मोहिमेपुरते आणि ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेला वाचवण्याच्या हुलकावणीपुरते ठेवणे बरे. पूर्ण निवेदन अकरा मिनिटांचे आहे. सातव्या दिवसानंतरच्या रांगेत ते चालणार नाही, सात मिनिटांवर आणा.

खरी खटकणारी गोष्ट वेगळीच. आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका या देखाव्यात कुठेच नाही. 9 डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली, 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले, आणि तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. जिंकलेले तेवढे दाखवायचे आणि हे गाळायचे, हे मनाला पटत नाही. कारागिराला विचारले तर चौथा प्रसंग 20 हजारांत करून देतो म्हणतो, पण त्यात पुन्हा स्फोट आणि धूरच आहे. तो घेऊ नका. बाहेर पडायच्या वाटेवर आठ बाय चार फुटांचा काळा प्लाय उभा करा, त्यावर 194 नावे पांढऱ्या अक्षरांत, सहा उभ्या ओळींत लिहा. एका ओळीत 32-33 नावे बसतात, अक्षर एक इंचाचे ठेवले तर रांगेतून चालताना वाचता येते. वर एकच पिवळा दिवा लावा आणि त्या भागात स्पीकर लावू नका.