चावी हातात, इंजिन चालू: पद्मिनीच्या दुरुस्तीत माझी झालेली फसवणूक

जुनी पद्मिनी, ॲम्बेसेडर, कार्बोरेटरवाली मारुती, अशी कुठलीही गाडी तुम्ही जिवापाड सांभाळत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. माझे ६२ हजार रुपये गेले, सात आठवडे गाडी अडकून पडली आणि वडिलांच्या काळापासून इंजिनावर असलेला मूळ सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग, गेला. पैशांचं दुःख आता कमी झालंय. कार्बोरेटरचं होत नाही.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. वडील असेपर्यंत तिच्या पॉइंट-प्लगपासून टॅपेटपर्यंत सगळं तेच करायचे. ते गेल्यावर मी चालवत राहिलो, पण हात काळे करायला शिकलो नाही. मला गंडवणं सोपं गेलं ते त्यामुळेच.

गेल्या वर्षी मे महिन्यात आईला घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढून गेल्यावर चहाला थांबलो. पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, तर इंजिन नुसतंच फिरतंय, पेटायचं नाव नाही. पेट्रोलचा वास डोक्यात जाईल इतका. मी पुन्हा पुन्हा ॲक्सिलरेटर दाबत राहिलो, तसतशी गाडी आणखीच बसली, म्हणजे सुरूच होईना. अर्ध्या तासाने काळा धूर ओकत सुरू झाली. साताऱ्यात घरासमोर चावी बंद केली, तर इंजिन बंद होईना. पाच-सहा सेकंद धडधडत, अंग झटकत ते तसंच चालत राहिलं आणि मग एक हिसका देऊन थांबलं. आई घाबरून दार उघडून खाली उतरली.

पुण्याला परत आल्यावर जुन्या गाड्यांसाठी नाव असलेल्या एका गॅरेजमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. मेस्त्रींनी बोनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर कार्बोरेटरशी नेला, दोन मिनिटं काहीतरी केलं. मग स्वतः एक चक्कर मारून आले, गाडी उभी केली, चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली. इंजिन चालूच. दहा सेकंद तरी चाललं असेल. "बघा साहेब, चावी तुमच्या हातात आहे आणि इंजिन चालू आहे. पिस्टनच्या रिंगा गेल्यात. खालचं ऑइल वर येऊन जळतंय. इंजिन उतरवावं लागेल, नाहीतर एक दिवस भर रस्त्यात जाम होईल."

तो तळहात मला अजून आठवतो. हातात चावी आणि समोर थरथरणारं इंजिन बघितल्यावर माणूस काहीही कबूल करतो. मी २५ हजार आगाऊ दिले.

मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरने काय केलं होतं, ते मला पाच महिन्यांनी कळलं. त्यांनी स्लोचा स्क्रू पिळून इंजिनचा स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालायचा वेग, वाढवला होता. चावी बंद केली की ठिणगी बंद होते, पण साध्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारं काहीच नसतं. इंजिन फिरतंय तोवर ते हवा आणि पेट्रोल ओढत राहतं. आत कार्बनचा थर साचलेला असेल आणि तो निखाऱ्यासारखा लाल झाला असेल, तर ठिणगीशिवायही पेट्रोल पेटतं. स्लो जितका वाढवाल तितकं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेची झडप, उघडं राहतं आणि इंजिन तितकं जास्त वेळ चालतं. ठिणगीचं टायमिंग मागे असेल, प्लग चुकीच्या प्रकारचा, गरज नसताना जास्त तापणारा असेल, मिश्रण फार पातळ, म्हणजे त्यात पेट्रोल कमी असेल, तरीही हेच होतं. रिंगा खराब असल्या की ऑइल वर येऊन कार्बन वाढतो, इतकं खरं आहे. पण निव्वळ इंजिन चालू राहतंय म्हणून रिंगा गेल्या, असं कुठलाही प्रामाणिक मेकॅनिक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्याशिवाय म्हणणार नाही. माझ्या गाडीचं कॉम्प्रेशन त्या दिवशी मोजलंच नाही. मोजायला हवं, हे मला ठाऊकही नव्हतं.

सात आठवडे गेले. फोन केला की "बोअर लेथवर गेलाय", "पिस्टन मुंबईहून यायचेत". शेवटी बिल हातात आलं, तेही साध्या कागदावर: बोअर (सिलिंडर आतून मोठा करणं), पिस्टन-रिंग सेट, हेड फेसिंग, मजुरी, आणि "ओरिजिनल कार्बोरेटर नवीन, ९,५००". जुना कार्बोरेटर कुठाय विचारलं, तर म्हणाले, "भंगारात टाकला साहेब, त्यात काही राहिलं नव्हतं." जुने पिस्टन मागायचं मला सुचलंच नाही.

गाडी ऑगस्टमध्ये ताब्यात आली आणि झकास चालली. पाऊस, गार हवा, तापायला वावच नाही. मी त्या मेस्त्रींना दोन गिऱ्हाईकं स्वतःहून पाठवली. त्या दोघांची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली.

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. आता तर पेट्रोल भरायला पाच मिनिटं थांबलं तरी गाडी बसायची. पुन्हा गॅरेजमध्ये गेलो. आता दोष पेट्रोलचा होता. "ई-२० आलंय साहेब, जुन्या गाडीला सोसत नाही. इलेक्ट्रिक पंप टाकावा लागेल, साडेसहा हजार."

हे अर्धसत्य होतं, म्हणून ते जास्त धोक्याचं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं, हे खरं आहे. तापलेल्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत, पेट्रोल उकळतं, हेही खरं आहे. पण माझं इंजिन पेट्रोलने तुडुंब भरत होतं. इलेक्ट्रिक पंप लागला असता तो पेट्रोल पोचत नसताना. इथे जास्त दाबाचा पंप बसवला असता, तर गरम इंजिनावर पेट्रोल सांडलं असतं. मागच्या सीटवर आई बसते त्या गाडीत.

पंपाला मी हो म्हणालो नाही, ते आबांमुळे. आबा म्हणजे वडिलांचे मित्र. मुंबईत टॅक्सी सीएनजीवर जाण्याआधीची वीस वर्षं त्यांनी पेट्रोलवरची काळी-पिवळी पद्मिनी चालवली, आता वाईजवळ गावी असतात. मी फोनवर सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "गाडी बसली की प्लग काढून बघितलास का? ओला असतो की कोरडा?" ६२ हजार घेणाऱ्या माणसाने हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. वाफ नळीत अडकली असेल, तेव्हा टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे. प्लग ओला आणि काळा असेल तर पेट्रोल जास्त येतंय. आणि प्लग ओला असून ठिणगीच मरतुकडी असेल, तर कॉइल आणि कंडेन्सर बघायचे, कारण तेही तापल्यावरच दगा देतात.

पुढच्या रविवारी गाडी आबांकडे नेली. पोचल्या पोचल्या त्यांनी बोनेट उघडलं, बिडी ओढणाऱ्या शेजाऱ्याला लांब पाठवलं आणि एअर फिल्टर काढला. पाच मिनिटं काही न करता उभे राहिले. मग टॉर्च लावून मला म्हणाले, "बघ आत." कार्बोरेटरच्या घशात, मधल्या नळीच्या टोकाशी, पेट्रोलचा थेंब फुगत होता, सुटत होता, खाली पडत होता. बंद गाडीत. एक, मग दुसरा, मग तिसरा, खाली थ्रॉटलच्या पितळी पत्र्यावर ओला डाग पसरत चाललेला. आबांनी पंपाकडून येणारी रबरी नळी फडक्यात धरून पकडीने दाबली. थेंब सावकाश झाले, पण थांबले नाहीत.

"दोन दुखणी आहेत," आबा म्हणाले. नळी दाबल्यावर जेवढी गळती कमी झाली तेवढी नीडल व्हॉल्व्हची, म्हणजे चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईची. गाडी बंद झाल्यावर नळीतलं पेट्रोल तापून फुगतं, फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर ते आत ढकललं जातं. राहिलेली गळती उष्णतेची, चेंबरमधलंच पेट्रोल उकळून नळीवाटे उतू जात होतं. त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाखालून बोट फिरवलं आणि विचारलं, "इथला बॅकेलाइट कुठे गेला?"

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये बॅकेलाइटचा जाड तुकडा असतो, धग वर चढू नये म्हणून. माझ्या गाडीत त्याच्या जागी नुसतं कागदी पॅकिंग होतं. मे महिन्यात फक्त सुई गळत होती, दुसरं दुखणं गॅरेजने लावून दिलं होतं.

कार्बोरेटर काढून टेबलावर उघडला, तेव्हा मला रडू आलं. बाहेरून चकचकीत, ताजा चंदेरी रंग. आत चेंबरच्या तळाशी पांढरी भुकटी आणि गंजाची रांगोळी, जेटच्या खाचा झिजून गोल झालेल्या, थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवला तर डुलणारा. कुठल्यातरी मेलेल्या गाडीचा कार्बोरेटर रंगवून "नवीन" म्हणून लावला होता. आणि माझा बहुतेक चांगल्या अवस्थेतला म्हणून विकला गेला होता. पद्मिनी बंद होऊन दोन दशकांहून जास्त काळ झाला, त्यामुळे न झिजलेल्या मूळ सुट्या भागांना आता किंमत येते.

मग इंजिनही तपासायचं ठरवलं. दुसऱ्या एका ठिकाणी कॉम्प्रेशन मोजलं: १२२, ११८, १२०, ११६. चारही सिलिंडरचे आकडे चांगले आणि जवळपास सारखे, म्हणजे इंजिन धडधाकट. मला क्षणभर वाटलं, चला, निदान ते काम तरी झालं. कार्बन काढायला हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं आणि तो दिलासाही गेला. चारही पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड, वर्षानुवर्षांचा थर. नवे पिस्टन दोन हजार किलोमीटरमध्ये असे होत नाहीत. एक पिस्टन खरवडून साफ केला तर त्यावर स्टँडर्ड मापाचा शिक्का. बोअर मोठा केला असता तर ओव्हरसाइज पिस्टन लागले असते आणि तसा आकडा दिसला असता. इंजिन कधी उघडलंच नव्हतं. रिंगा कारखान्यातल्याच होत्या आणि उत्तम होत्या.

खरी दुरुस्ती अशी झाली: नाना पेठेतून नीडल व्हॉल्व्ह आणि पॅकिंग, ओळखीच्या एकाकडून जुना पण सरळ कार्बोरेटर, त्याखाली बॅकेलाइट. फ्लोटची पातळी खाली घेतली, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाकल्या, योग्य प्लग लावले, टायमिंग जुळवलं, स्लो कमी केला. कार्बोरेटर धरून सगळं साडेआठ हजारांत झालं. हा मे महिनाही गेला, खंबाटकीला मुद्दाम थांबलो, अर्ध्या सेल्फला गाडी सुरू झाली. चावी फिरवली की इंजिन तिथल्या तिथे गप्प. आणि कधी बसलीच, तर आता चोक ओढत नाही, ॲक्सिलरेटर पंप करत नाही. एकदाच पूर्ण दाबून धरतो आणि सेल्फ मारतो, म्हणजे जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं.

गॅरेजमध्ये पिस्टनचे फोटो घेऊन गेलो, तर "तुम्ही दुसऱ्याचा हात लावलात, आता आमची जबाबदारी नाही" असं उत्तर मिळालं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग जिल्हा आयोगात तक्रार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. माझी बाजू कुठे लंगडी पडते ते सांगतो, म्हणजे तुमची पडणार नाही. बिलावर ना शिक्का, ना सही. २५ हजार रोख दिले, पावती नाही. उरलेले यूपीआयने दिले म्हणून निदान तेवढा पुरावा आहे. गाडी देताना इंजिनाचा एकही फोटो काढला नव्हता. इंजिन उघडलं त्या दिवशी मी तिथे उभा नव्हतो, आणि उघडलं की बोलवा असंही सांगितलं नव्हतं. कॉम्प्रेशनचे आकडे कामाआधी लेखी मागा, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत परत मागा, आणि कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पंप यांवर स्वतःची खूण करून तिचा फोटो ठेवा.

खूण माझ्या कार्बोरेटरवर होती. वडिलांनी केलेली. फ्लोट चेंबरच्या झाकणावर, पेट्रोलची नळी लागते त्या बाजूच्या स्क्रूजवळ, सेंटर पंचने ठोकलेले तीन ठिपके, त्रिकोणात, त्यातला एक जरा खोल. पुण्यात किंवा आसपास कुणी गेल्या वर्षभरात पद्मिनीचा जुना सोलेक्स घेतला असेल, तर झाकण पुसून एकदा बघा. तुम्ही दिलेली किंमत मी देईन.