मूळ की संयुक्त: भागून पाहावं की चाळणी लावावी?

एकच संख्या तपासायची असेल तर भागून पाहणं सरस. २२१ घ्या. १५ चा वर्ग २२५, म्हणजे १४ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागायचं: २, ३, ५, ७, ११, १३. बरेच जण ११ ला थांबतात आणि २२१ मूळ ठरवून मोकळे होतात. पण १३ × १७ = २२१, ती संयुक्तच.

१ ते १०० मधल्या सगळ्या मूळ संख्या हव्या असतील, तर मात्र एराटोस्थेनिसची चाळणीच लावा. आधी १ खोडा. ती मूळही नाही, संयुक्तही नाही. मग २, ३, ५, ७ राखून त्यांच्या पुढच्या पटी खोडा. ७ साठी थेट ४९ पासून सुरुवात करा, त्याआधीच्या पटी खोडून झालेल्याच असतात. २५ संख्या उरायला हव्यात. २६ उरल्या तर आधी ९१ बघा, ७ × १३ हमखास निसटतं.