मुनाकाता शिको यांचे दहा शिष्य: भिंतीवरील प्रतिकृतींचा अनुभव

जपानी चित्रकार मुनाकाता शिको (१९०३-१९७५) यांच्या ‘दोन बोधिसत्त्व आणि शाक्यमुनींचे दहा महान शिष्य’ या काष्ठमुद्राचित्रांच्या, म्हणजे लाकडी फळी कोरून तिच्यावरून छापलेल्या चित्रांच्या, प्रतिकृतींचा संच गेले काही महिने आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. तो घेण्याजोगा आहे. मात्र आकार आणि फ्रेम यांचा विचार आधी करावा.

मूळ छाप सुमारे १ मीटर उंचीचे आहेत, आमच्या प्रती त्याच्या निम्म्याही नाहीत, आणि तरीही खरे नुकसान उंचीने नव्हे तर फ्रेमने केले. मुनाकाता आकृतीभोवती मोकळी जागा ठेवत नाहीत; डोके, कोपर, पावले फळीच्या कडांना जाऊन भिडतात, जणू अंग चोरून उभे राहण्याइतकीच जागा लाकडाने दिली आहे. फ्रेम करणाऱ्याने माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, चित्राच्या कडेवर चढवला आणि ती दाटी नाहीशी झाली. चारही कडा उघड्या ठेवून फ्रेम पुन्हा करवून घेतल्यावर चित्रांत जीव आला. साधी काचही टाळावी, कारण काळ्या भागांत समोरची खिडकीच दिसत राहते.

या शिष्यांपैकी उपाली, आनंद, राहुल ही नावे महाराष्ट्रातील बौद्ध घरांत परकी नाहीत. त्यामुळे पाहुणे शांत, सौम्य मुद्रेची अपेक्षा ठेवून जवळ येतात आणि समोर जाड रेषांची, माना वळवलेली, अंगाने भक्कम माणसे पाहून क्षणभर गोंधळतात. मला हा गोंधळ आवडतो. न्हाव्याचे काम करून संघात आलेल्या उपालींना गुळगुळीत चेहरा शोभलाही नसता.

संचासोबतच्या पत्रकात सरसकट १९३९ हे एकच साल छापले आहे, हे मला खटकले. मंजुश्री आणि समंतभद्र या दोन बोधिसत्त्वांचे मूळ ठसे (कोरलेल्या फळ्या) दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले आणि मुनाकातांनी ते १९४८ मध्ये नव्याने कोरले, त्यामुळे प्रत नेमकी कोणत्या ठशावरून घेतली आहे हे सांगायलाच हवे होते. १९५५ मध्ये साओ पाउलो आणि १९५६ मध्ये व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनांत मिळालेल्या पारितोषिकांचा उल्लेख मात्र ठळक अक्षरांत आहे.

छपाईतील काळा रंग अजून टिकून आहे, कागद मात्र उजेडाच्या बाजूला किंचित पिवळा पडला आहे. अर्थात गुळगुळीत कागदावर शाईचा दाब जाणवत नाही. तो अनुभवायचा तर जपानमधील कुराशिकी येथील ओहारा संग्रहालयातील मुनाकातांचे दालनच गाठावे लागेल. जागा कमी असेल त्यांनी बारा लहान प्रतींऐवजी मूळ आकाराची एकच घ्यावी, आणि ती उपालींची असावी.