नऊ महिने जुन्या कपड्यांत: आत्याची इरकल, बाबांचे शर्ट आणि एक कापशी चप्पल

गुढीपाडव्याला मी घरात सांगून टाकलं, की आता वर्षभर माझ्यासाठी तयार कपडे आणायचे नाहीत. घरच्या पेट्यांतलं, कुणी मायेनं दिलेलं, कुणी वापरून विकायला काढलेलं, आणि अगदीच नड पडली तर त्या ऋतूचं कापड घेऊन शिवलेलं, एवढंच घालायचं. आता मार्गशीर्ष लागलाय. नऊ महिने रोज वापरून काय टिकलं आणि काय फसलं ते लिहिते. हे करून बघायची इच्छा असलेल्या माझ्या ओळखीच्या सगळ्या जणी एकाच जागी अडतात: जुनं अंगाला नीट बसत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, रोज मोपेडवर जाते-येते. आधी दर दिवाळीच्या तोंडावर गांधीनगरच्या कापडबाजारात जाऊन पाच-सहा कुर्ते एकदम आणायची. कपाट भरलेलं असायचं आणि तरी सकाळी काय घालू म्हणून जीव मेटाकुटीला यायचा. त्याच काळात आईच्या चौदा साड्या बोहारणीला देऊन मी स्टीलचं मोठं पातेलं घेतलं होतं. पातेलं अजून वापरात आहे. त्या चौदांत आमसुली रंगाची एक सुती साडी होती, ती मात्र काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. हा सगळा उद्योग खरं तर तिच्यामुळे सुरू झाला.

सुरुवात बाबांच्या शर्टांपासून केली. निवृत्तीनंतर त्यांनी पांढरे सुती शर्ट घालणं जवळपास सोडलं होतं. सहा शर्ट, वर्षानुवर्षं धुऊन इतके मऊ झालेले की नव्या कापडाला ती मऊपणाची सर यायला काळच जावा लागतो. पण खांदा माझ्या खांद्याच्या खाली दोन बोटं उतरायचा आणि कॉलरची दुमड विरून दशा निघाल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या टेलरमामांनी पहिला शर्ट हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाले, "ताई, कापडाला काय झालेलं नाही. कॉलर पलटी मारूया."

कॉलर पलटणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कॉलर खालच्या पट्टीपासून उसवायची, उलटी करायची आणि तीच परत त्या पट्टीत बसवायची. विरलेली बाजू खाली जाते, खालची कोरी बाजू वर येते. मामांनी ब्लेडचं टोक टाक्याखाली घालून एकेक दोरा उचलला, कापडाला ओरखडासुद्धा नाही. आतला भाग बाहेर आला तर बाकीचा शर्ट दुधी झालेला आणि ती पट्टी मात्र शुभ्र. मग त्यांनी बाह्या पूर्ण काढल्या, खांदा कापून आत घेतला, बाह्या परत जोडल्या. एका शर्टाचे अडीचशे रुपये झाले. एवढ्यात नवा शर्टही येतो असं आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. येतो, पण मी ओळखते ते कापड त्याला असतं का?

इथे एक गोष्ट पक्की कळली. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली की बाकी सगळं निभावतं. कंबर सैल असो, लांबी जरा जास्त असो, चालतं. खांदा चुकला की माणूस दुसऱ्याच्या कपड्यांत उभा असल्यासारखा दिसतो. म्हणून वापरलेलं काही घेताना मी आता आधी खांदा बघते, मग कपडा उलटा करून आत मार्जिन किती सोडलंय ते. जुन्या शिंप्यांनी शिवलेल्या ब्लाऊजमध्ये कडेला भरपूर कापड दडवलेलं असतं. आत्यानं दिलेला खणाचा ब्लाऊज असाच इंचभर सैल करून घेतला. जुनी टीप उसवली तेव्हा आत कोरा गुलबक्षी रंग निघाला, आणि बाहेरचा खण उन्हानं किती उतरलाय ते तेव्हा दिसलं. आता दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीची गडद रेघ दिसते, जुन्या टिपेची बारीक भोकंही दिसतात. ज्यांना हे खटकतं त्यांनी उसवून सैल करायच्या भानगडीत पडू नये. मला ती रेघ आवडते.

आत्याची इरकल हा या नऊ महिन्यांतला सगळ्यात मोठा निर्णय होता. नऊवारी, चिंतामणी रंगाची, लाल टोपपदराची. इरकलीचं अंग आणि पदर यांचा ताणा वेगवेगळा असतो आणि दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, म्हणून पदर असा एकदम वेगळा उठून दिसतो. पेटीत वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिल्यानं तिच्या दोन घड्या विरल्या होत्या. नऊवार मला मोपेडवर झेपणार नव्हतं. कापायची म्हटलं तर हात धजेना. शेवटी आत्यालाच विचारलं. ती म्हणाली, "काप की गं. पण नेसत जा. पेटीत ठेवून मी तरी काय मिळवलं?"

पदराच्या उलट टोकाकडून तीन वार कापले, एक विरलेली घडी त्यातच गेली. राहिलेल्या घडीला मागून मलमलची पट्टी लावून बारीक रफू केलं. नेसल्यावर ती जागा आतल्या निऱ्यांत जाते. तीन वारांतलं चांगलं कापड निवडून लेकीला परकर शिवला. पदर रेशमी की कृत्रिम रेशमाचा ते मला माहीत असायला हवं होतं, कारण धुवायची रीत त्यावर ठरते. सुटलेला एक दोरा चिमट्यात धरून पेटवला. केस जळल्याचा वास आला असता तर रेशीम. इथे कागद जळल्यासारखा वास आला, म्हणजे रेयॉन. रेयॉन ओलं असताना कमकुवत होतं, त्यामुळे पदर पिळायचा नाही, पाण्यात भिजत घालायचा नाही. वापरलेली साडी 'प्युअर सिल्क' म्हणून कुणी विकत असेल आणि कडेचा दोरा मिळत असेल, तर ही परीक्षा जरूर करा. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो.

चप्पल मात्र नवी घेतली, तेवढी एक सवलत. कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, गोंडा नसलेली साधी. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, आपल्याकडचे चार जिल्हे आणि तिकडचे चार. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा इथे किती संताप झाला ते आठवत असेल. नंतर त्यांनी भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. मला त्या वेळी वाटलं, आपण स्वतः रोज किती घालतो? माझ्या पायात तेव्हा फोमची चप्पल होती.

पहिले दहा-बारा दिवस अंगठ्याजवळ चावली. रात्री पट्ट्यांना आतून तिळाचं तेल लावत गेले आणि घरातल्या घरात अर्धा-अर्धा तास घातली. महिन्याभरात तळव्याचा ठसा काळसर उमटला आणि चप्पल माझ्या पायाची झाली. मे महिन्यात वळवानं गाठलं. चप्पल चिंब भिजली आणि मी ती दुसऱ्या दिवशी गच्चीवर कडक उन्हात ठेवली. चूक. तळ वाकडा होऊन टणक झाला. ज्यांच्याकडून घेतली होती ते काका म्हणाले, "उन्हात नाही ठेवायची, पोरी. कागद कोंबून सावलीत." त्यांनी तेल पाजून, ठोकून बरीच सरळ केली, तरी उजवी अजून किंचित डुगडुगते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

पावसाळ्यानं माझं एक मत बदललं. सिंथेटिक म्हणजे वाईट, असं मी मानून चालले होते. कोल्हापूरच्या आषाढात सुती साडी दोन-दोन दिवस वाळत नाही, ओली झाली की जड होते, आणि काठाला चिखल लागला की धुण्यात अर्धी सकाळ जाते. बोहारणीच्या तावडीतून वाचलेल्या आईच्या दोन जुन्या छापील जॉर्जेट साड्या काढल्या. भिजल्या तर वर्गातल्या पंख्याखाली तासाभरात वाळतात. आई पावसाळ्यात त्याच का नेसायची ते इतक्या वर्षांनी कळलं. उन्हाळ्यात त्याच साडीत जीव गुदमरतो, तेव्हा चैत्र-वैशाखात त्यांना हात लावत नाही.

पावसाळ्यातलं दुसरं शिक्षण महाग पडलं. उन्हाळ्यात खळ घालून नेसलेली एक सुंदर मोतिया रंगाची साडी तशीच घडी करून कपाटात ठेवली. श्रावणात काढली तर सगळ्या घडीवर बारीक भोकं. कसरीला खळ आवडते. पावसाळ्यापूर्वी खळ पूर्ण धुऊन, कडकडीत वाळवून मगच सुती कपडे ठेवायचे, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. त्या साडीचा आता वाकळीत एक थर आहे.

वापरलेलं म्हणून ऑनलाइन एकच वस्तू घेतली, एक निळा ब्लेझर. फोटोत छान होता. आला तेव्हा बगलेत अस्तर फाटलेलं, बुरशीचा वास, आणि खांदा माझ्यापेक्षा मोठा. परत घेत नव्हते. अस्तरासकट खांदा उतरवायचा म्हणजे पूर्ण कोट मोकळा करायचा, मामांनीही नको म्हटलं. आता खांदा, छाती, बाहीची मापं इंचांत आणि उलट्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय काही घेत नाही.

शेजारच्या एक काकू म्हणाल्या, दुसऱ्याच्या अंगावरचं घालू नये. त्यांच्या मनाला लागेल असं मी काही बोलले नाही. पण आपल्याकडे बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचंच असतं आणि आपण सगळे जुन्या साड्यांच्या वाकळेत वाढलो.

रोज निघताना मी एक फोटो काढत होते, तोंडसुद्धा न दिसणारा, फक्त कपड्यांचा. दसऱ्याच्या सुट्टीत सगळे एका बैठकीत बघितले. ज्या दिवशी मी मला बरी वाटले होते त्या बहुतेक फोटोंत तेच ते होतं: चिंतामणी, आमसुली किंवा दुधी रंग, कोपरापर्यंत बाही, बंद गळा, आणि एकच जुनी वस्तू. दोन जुन्या वस्तू एकत्र आल्या की नाटकातला वेश वाटतो. इरकलीवर साधा पांढरा ब्लाऊज, खणाच्या ब्लाऊजवर एकरंगी साडी, बाबांचा शर्ट असेल तर खाली साधी काळी पँट. पिवळा रंग मी वर्षानुवर्षं घेत आले होते आणि एकाही चांगल्या फोटोत तो नव्हता. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग स्टाफरूममध्ये ठरले, तेव्हा पिवळ्याच्या दिवशी मी केसांत शेवंती माळली आणि तेवढ्यावर भागवलं.

खर्च सांगायचा तर चप्पल अठराशे, फसलेला ब्लेझर नऊशे, आणि शिवण-उसवण, रफू, फॉल-पिको मिळून साधारण साडेचार हजार. आधी एका दिवाळीला याहून जास्त जायचे. वेळ मात्र जास्त लागतो, हे लपवणार नाही. मामांकडे चार-चार खेपा होतात, आणि लग्नसराईत ते जुनं काम हातात घेतच नाहीत.

सध्या बाबांचा सहावा शर्ट त्यांच्याकडे आहे. कॉलर पलटून झाली, बाह्या शनिवारी लागतील. बाबांनी काल फोनवर विचारलं, एखादा परत मिळेल का.