सीए-125 घरपोच : मुलाला पाच तारे, रिपोर्टला तीन

आईचं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो पार पडली, तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तिची सीए-125 असते, म्हणजे आजार परत येतोय का ते बघायची रक्ताची तपासणी. आम्ही लालबागला, चौथा मजला, लिफ्ट नाही. म्हणून घरी येऊन रक्त नेणारी लॅब हवी होती, आणि ही मिळाली. साखर, थायरॉइड असल्या तपासण्यांसाठी लॅब शोधत असाल तर एवढंच वाचा : चांगली आहे, बिनधास्त बोलवा. सीए-125 सारखा ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरवर नजर ठेवायचा रक्तातला आकडा, करायचा असेल तर मात्र पुढचंही वाचा.

आधी रक्त घेणाऱ्या मुलाबद्दल. किमो झालेल्या माणसाची शीर सापडणं म्हणजे काय दिव्य असतं ते ज्याच्या घरात झालंय त्यालाच कळेल. हा मुलगा आल्या आल्या सुई काढत नाही. आधी आईला पाणी प्यायला लावतो, हात गरम टॉवेलात गुंडाळून ठेवतो, तोवर माझ्याकडून औषधांची यादी घेतो. मग लहान मुलांना वापरतात ती बटरफ्लाय सुई, आणि मनगटाच्या वरची एक बारीकशी शीर. एका टोचण्यात काम. पिवळ्या बुचाची ट्यूब भरत आली की आई न चुकता म्हणते, "सगळा रगात काढतंस काय रे मेल्या?" आणि तो कणकवलीचा असल्यामुळे त्याला ते बरोब्बर पोचतं. गणपतीत आमच्याकडे गाडी येणं शक्यच नसतं. राजाच्या रांगेतून वाट काढत तो करी रोड स्टेशनवरून चालत आला, तोही वेळेवर.

एकदा त्याने विचारलं, "ताई, आजींना केसांच्या गोळ्या चालू आहेत का?" होत्या. किमोनंतर केस परत यावेत म्हणून भावाने आणलेल्या, त्यात बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर. काही मशीन्सच्या तपासणीची पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते. रक्तात ते जास्त झालं तर सीए-125 आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. म्हणजे आजार वर येतोय आणि कागद म्हणतोय सगळं छान. त्याने त्या दिवशी रक्त घेतलंच नाही. डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवल्या, मग पुन्हा आला. व्हिजिटचे पैसे दुसऱ्यांदा लावले नाहीत. हे पाच तारे त्याचे.

आता रिपोर्ट. सीए-125 म्हणजे पेशीच्या अंगावर उभं असलेलं, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेलं एक प्रचंड प्रथिन, एमयूसी16. त्याचे तुकडे सुटून रक्तात येतात आणि मशीन ते मोजतं. 1981 साली बॉस्टनमध्ये रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी ते ओळखून त्याला चिकटणारी अँटिबॉडी तयार केली. ती नेमकी कुठल्या प्रथिनाला चिकटते त्याचं जनुक हाती लागायला 2001 उजाडलं. इतक्या लांबलचक, साखरेने माखलेल्या रेणूला प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी आपापल्या परीने पकडते, आणि सगळ्यांनी मिळून मानलेलं एकच माप अजून नाही. त्यामुळे एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही. मी बँकेत आहे; दोन वेगळ्या चलनांतल्या रकमा एकाच रकान्यात बेरजेला लावल्या तर आमच्याकडे ऑडिटर डोक्यावर बसेल.

या लॅबने नेमकं तेच केलं. आईचे आकडे 14, 16, 15 असे चालले होते. मग अचानक 27. कागदावर हिरवीच खूण, कारण 35 च्या आत म्हणजे नॉर्मल. पण फॉलो-अपच्या पेशंटसाठी 35 ला काय करायचंय? तिचा स्वतःचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला, हीच बातमी. आई आत दूरदर्शन बघत बसलेली आणि मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून नुसती उभी. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न केला, "मशीन बदललंय का?" पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, पद्धतीचं नाव होतं. आधीच्या कागदांवर वेगळं. जुनी पद्धत अजून वापरणाऱ्या दुसऱ्या लॅबमधून तपासलं : 16.

मशीन बदलायला माझी हरकत नाही. पण ज्यांचे मागचे आकडे तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये आहेत त्यांचं एक सॅम्पल दोन्ही मशीनवर चालवून द्या, निदान एक फोन करा. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, रेंजमध्येच आहे ना?" अहो, प्रश्न तो नाही!

आणि ते पॅकेज. रिपोर्टच्या मेसेजखालीच 'महिला कॅन्सर सुरक्षा' नावाचं पॅकेज, सवलतीत, त्यात सीए-125. माझ्या वहिनीला घ्यायचं होतं. मी नको म्हटलं. तिला फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी, आहेत. फायब्रॉइड, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), पाळी, गरोदरपण, लिव्हरचा आजार, या सगळ्यांत हा आकडा वर जाऊ शकतो. पोटाचा टीबी असेल तर शेकड्यांतही जाऊ शकतो, आणि मुंबईत टीबी काही दुर्मीळ नाही. उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये निम्म्या बायकांचा आकडा वाढलेलाच नसतो. ब्रिटनमध्ये 2 लाखांहून जास्त बायकांना घेऊन वर्षानुवर्षं याचा अभ्यास झाला, 2021 मध्ये निकाल आला : अशा तपासणीने अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. रक्ताच्या नात्यात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांशी बोला. वहिनीलाही मी म्हटलं, शंका असेल तर डॉक्टरांना विचार. मोबाइलवर आलेलं कूपन वापरून नाही.

ज्यांचा आजार आधी होऊन गेलाय त्यांनाही एक सांगते, कारण आमच्या डॉक्टरांनी हे मला दोनदा समजावलं. 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, नुसता आकडा वाढला म्हणून लगेच किमो सुरू केलेल्या बायका, त्रास सुरू होईपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. म्हणून रात्री अकराला आकडा आला की मी आता त्यावर स्वतःचं डोकं चालवत नाही. आईला लक्षणं काय, भूक कशी, पोट फुगतंय का, हे वहीत लिहिते आणि दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जाते.

बाकी किरकोळ. रिपोर्ट त्याच रात्री येतो. पैसे यूपीआयने, पावती लगेच. अ‍ॅप मराठीत आहे म्हणतात, पण 'नमुना संकलन कार्यकारी येत आहे' असली मराठी वाचण्यापेक्षा इंग्रजी परवडलं. रविवारी व्हिजिटचे जास्त घेतात.

दुसऱ्या लॅबचा कागद दाखवल्यावर मॅनेजरनी पुढच्या सॅम्पलपासून मागचे तीन आकडे आणि पद्धतीचं नाव मोठ्या अक्षरात छापून देऊ असं कबूल केलंय. पुढचं सॅम्पल दिवाळीनंतर. छापलं तर एक तारा वाढवेन. पॅकेजचे मेसेज बंद करा म्हणून सांगितलं होतं, ते अजून येताहेत.