ए२२०: दोन-तीन आसनांच्या रांगेचे विमान

झुरिकहून ‘स्विस’ या विमान कंपनीच्या एअरबस ए२२०-३०० विमानाने प्रवास केला, तेव्हा सर्वप्रथम नजरेत भरली ती आसनांची मांडणी: डावीकडे दोन, उजवीकडे तीन. बोइंग ७३७ मध्ये किंवा ए३२० मध्ये प्रत्येक रांगेत दोघांना मधली जागा पत्करावी लागते. येथे ती एकाच्याच वाट्याला येते. खिडक्या मोठ्या आहेत, इंजिनाचा आवाज कमी आहे. शंभर ते दीडशे आसनांच्या विमानांत याहून सुखकर विमान मी अनुभवलेले नाही.

हे विमान मूळचे एअरबसचे नव्हे, ही गोष्ट प्रवाशांना क्वचितच ठाऊक असते. कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने २००८ मध्ये सी-सिरीज या नावाने ते हाती घेतले. संमिश्र द्रव्यांचे पंख, ॲल्युमिनियम-लिथियम मिश्रधातूचा सांगाडा आणि पुढचा पंखा संथ गतीने फिरू देणारे प्रॅट अँड व्हिटनीचे गिअरयुक्त इंजिन, असे सारेच एकदम नवे करण्याचे धाडस तिने केले. त्यावर एअरबसने २०१० मध्ये ए३२० निओ आणि बोइंगने २०११ मध्ये ७३७ मॅक्स जाहीर केले. आपल्या जुन्याच विमानांना नवी इंजिने बसवून त्यांनी बॉम्बार्डिएची इंधनबचतीतील आघाडी पुष्कळशी कमी केली. मे २०१४ मध्ये जमिनीवरील चाचणीत इंजिन निकामी झाल्याने चाचणी उड्डाणे काही महिने थांबली. क्वेबेक प्रांताच्या सरकारला १ अब्ज डॉलर घालावे लागले. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने ७५ विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा बोइंगच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने सुमारे ३०० टक्के आयात शुल्क सुचवले. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने ते ४ विरुद्ध ० मतांनी फेटाळले खरे, पण त्याआधीच, ऑक्टोबर २०१७ मध्ये, प्रकल्पातील बहुमताचा वाटा एअरबसला जवळजवळ फुकट देण्याचे ठरून गेले होते. ज्यांनी हे विमान घडवले, ते २०२० मध्ये त्यातून पूर्णपणे बाहेर पडले, याची मला मनापासून हळहळ वाटते.

उणीव सांगायची तर इंजिनांच्या टिकाऊपणाची: तपासणी आणि दुरुस्तीसाठी ती वारंवार उतरवावी लागल्याने अनेक कंपन्यांची विमाने जमिनीवर उभी राहिली आहेत. तरीही भाडे आणि वेळ सारखीच असेल, तर मी हेच विमान निवडेन. दोघे प्रवास करत असाल, तर डावीकडची आसने घ्यावीत.